न सांगता विकलेले

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून धान्याने भरलेले एक जहाज रोड्स बेटाच्या बंदराला लागले आहे. बेटावर दुष्काळ आहे आणि धान्याला सोन्याचा भाव आला आहे. जहाजाचा मालक सज्जन आहे. तो मापात पाप करत नाही, किडके धान्य कोणाच्या गळ्यात मारत नाही. पण त्याला ठाऊक असलेली एक गोष्ट रोड्सच्या लोकांना ठाऊक नाही. धान्य भरलेली आणखी काही जहाजे रोड्सच्या दिशेने येताना त्याने वाटेत पाहिली आहेत. ती पोहोचली की भाव कोसळणार. हे त्याने गिऱ्हाइकांना आधी सांगावे, की गप्प राहून मिळेल तो भाव पदरात पाडून घ्यावा?

रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हा प्रश्न येतो. त्यावर वाद घालणारे दोघेही स्टोइक पंथातले: बॅबिलोनचा डायोजिनस आणि त्याचाच शिष्य, टार्ससचा अँटिपेटर. गुरूचे म्हणणे असे की मालातले जे दोष सांगणे कायद्याने बंधनकारक आहे ते सांगावेत, खोटे बोलू नये, आणि मग खुशाल विकावे. माल आणला, उघड मांडला, इतरांपेक्षा महाग विकला नाही. यात कोणाचे काय बुडाले? लपवणे वेगळे आणि न बोलणे वेगळे. शिष्याला हे पटत नाही. माणसाचा जन्म माणसांच्या उपयोगी पडण्यासाठी आहे; ज्यांच्या घरात दाणा नाही त्यांच्यापासून येणाऱ्या धान्याची बातमी राखून ठेवणे या नात्याला धरून कसे होईल, असे तो विचारतो.

डायोजिनसची बाजू हलकी समजू नये. समुद्राचा धोका पत्करून, पदरचे पैसे घालून जो व्यापारी दुष्काळात धान्य घेऊन पोहोचतो, त्याची बाजारातली माहिती ही त्याची कमाईच असते. ती फुकट वाटून टाकावी लागली तर पुढच्या खेपेला जहाज हाकारायचे कोणी? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यानेही याच धान्यविक्रेत्याचा दाखला घेतला. येणाऱ्या जहाजांविषयी सांगणे न्यायाने त्याच्यावर बंधनकारक नाही, मात्र सांगितले तर ते अधिक पुण्याचे ठरेल, असा निर्वाळा त्याने दिला. सिसेरोचा कौल मात्र अँटिपेटरकडे झुकलेला. आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याच्या हिताची असून, केवळ आपला फायदा व्हावा म्हणून ती त्याला कळू न देणे याला तो सरळ लपवणेच म्हणतो.

आज ऑनलाइन व्यापाराबद्दल जे वाद होतात, म्हणजे परतावा किती दिवसांत द्यावा, वाईट अभिप्राय दाखवावेत की नाही, तक्रार ऐकायला माणूस बसवावा की यंत्र, ते सगळे या धक्क्यावरच्या वादाचेच पुढचे पान आहे. विकणाऱ्याने घेणाऱ्याला किती सत्य देणे लागते? हा धर्माचा प्रश्न आहे. कायदा त्याची खालची पायरी बांधू शकतो, बांधावीही. पण त्या पायरीच्या वर बरीच जागा उरते आणि माणसाची परीक्षा तिथे होते.

रोड्सच्या गिऱ्हाइकाजवळ एक गोष्ट होती जी आजच्या गिऱ्हाइकाजवळ नाही. तो धक्क्यावर उभा होता. पोत्यात हात घालू शकत होता, मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहू शकत होता, मालकाच्या चेहऱ्याकडे बघू शकत होता. पैगंबर महंमदांची एक कथा हदीसमध्ये आहे. मदिनेच्या बाजारात ते धान्याच्या एका राशीपाशी थांबले, त्यांनी आत हात घातला आणि बोटे ओली झाली. पाऊस लागला होता, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. सगळी कथा त्या आत गेलेल्या हातावर उभी आहे. मोबाइलच्या पडद्यावरून खरेदी करणाऱ्याला राशीत हात घालता येत नाही. विक्रेत्याने जी बाजू वर ठेवली असेल तेवढीच त्याला दिसते.

कोकणातला आंबा घ्या. एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईतच काय, नागपूर-बंगळूरपर्यंत व्हॉट्सअॅपवर पेट्यांचे भाव फिरू लागतात. बाजारात आंबा घेणारा माणूस आधी देठाशी नाक नेतो, अंगठ्याने हलकेच दाबून पाहतो, सालीवर सुरकुती धरली आहे का ते बघतो, आणि पेटीतला वरचा थर उचलून खालचा थर पाहायला मागतो. ऑनलाइन मागवणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. त्याच्यासमोर फोटो असतो आणि एक नाव असते: देवगड किंवा रत्नागिरी. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपवल्याची तक्रार दर हंगामात होते. कर्नाटकातला आंबाही गोड असतो, त्याचेही खाणारे आहेत. त्याला त्याच्या नावाने विकावे एवढेच मागणे आहे. कार्बाइडने पिकवलेले फळ आणि गवताच्या अढीत पिकलेले फळ फोटोत सारखेच पिवळे दिसते, आणि कोणते फळ कशात पिकले हे फक्त पाठवणाऱ्याला माहीत असते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. त्या काळी दुकानदार अवाच्या सवा भाव सांगायचा, गिऱ्हाईक निम्म्यावर आणायचे आणि मधे कुठेतरी सौदा तुटायचा. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याचे म्हणणे असे की आधी एक भाव सांगून नंतर दुसऱ्या भावाने विकणे म्हणजे पहिल्यांदा खोटे बोलणे. मग क्वेकर दुकानदारांनी एकच भाव ठेवायला सुरुवात केली. आधी त्यांचा धंदा बसला, कारण लोकांना घासाघीस करायची सवय. पुढे मात्र गिऱ्हाईक वळले. फॉक्सने आपल्या रोजनिशीत त्याचे कारण नोंदवले आहे: या दुकानांत लहान मूल पाठवले तरी फसवणूक होत नाही, अशी लोकांची खात्री पटली.

घरातल्या पोराला हातात पैसे आणि चिठ्ठी देऊन वाण्याकडे पिटाळणे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या माणसांना नवे नाही. पोराला तुरीची डाळ कोणती आणि लाखेची कोणती हे कळत नव्हते. आईला वाण्याची खात्री होती म्हणून ती पोराला पाठवत होती. ऑनलाइन दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक हे असे चिठ्ठी घेऊन आलेले पोर असते, मग ते प्राध्यापक असो की न्यायाधीश. त्याला माल दिसत नाही, दुकानदार दिसत नाही, शेजारी उभे राहून ‘अहो, तो तसला घेऊ नका’ असे पुटपुटणारे दुसरे गिऱ्हाईकही नसते. डायोजिनसचा युक्तिवाद दोघे बरोबरीचे असताना थोडाफार टिकतो. एकाचे डोळे बांधलेले असताना तो टिकत नाही. घेणाऱ्याला जेवढे कमी दिसते तेवढे विकणाऱ्याचे सांगण्याचे कर्तव्य वाढते, आणि या तत्त्वावर ऑनलाइन व्यापारातले बहुतेक वाद सुटू शकतात.

शेजारच्या गिऱ्हाइकाची ती जागा आता चांदण्यांनी आणि अभिप्रायांनी घेतली आहे, असे कोणी म्हणेल. त्याचीही गोष्ट सिसेरोने सांगून ठेवली आहे. कॅनियस नावाचा एक रोमन सरदार सिराक्यूजला सुट्टीत आला आणि मित्रांना बोलवायला एखादी बाग विकत घ्यावी असे म्हणू लागला. तिथल्या पिथियस नावाच्या सावकाराच्या हे कानावर गेले. त्याने कॅनियसला आपल्या समुद्रकाठच्या बागेत जेवायला बोलावले आणि कोळ्यांना सांगून ठेवले की उद्या सगळ्यांनी माझ्या बागेसमोरच मासे पकडायचे. कॅनियस येतो तो समोर होड्याच होड्या. एकेक कोळी येऊन पिथियसच्या पायाशी मासळी टाकतो. हे काय, असे विचारल्यावर पिथियस म्हणतो, सिराक्यूजची सगळी मासळी इथेच मिळते, इथल्या पाण्यावाचून या लोकांचे चालतच नाही. कॅनियसने मागेल ती किंमत देऊन बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आला, तर समुद्रावर एक वल्हे दिसेना. आज कोळ्यांचा काही सण आहे का, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, सण कसला, इथे कोणी मासे पकडतच नाही. काल एवढ्या होड्या पाहून मलाच नवल वाटले.

पिथियस एकही खोटा दस्तऐवज करत नाही. तो एक वाक्य बोलतो आणि देखावा उभा करतो. आज या होड्या विकत मिळतात, शेकड्याच्या हिशेबाने. अमेरिकेत फॅशन नोव्हा या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानावर तिथल्या व्यापार आयोगाने ठपका ठेवला, तो खोटे कौतुक लिहिल्याचा नव्हता. चारपेक्षा कमी चांदण्यांचे अभिप्राय या दुकानाने संकेतस्थळावर येऊच दिले नाहीत, असा तो आरोप होता. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. वर ठेवलेले कौतुक खरे होते. भिजलेले धान्य मात्र खाली दाबले गेले होते. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे छापावेत हे त्यात ठरवून दिले आहे. ते ऐच्छिक ठेवले आहे. ते पाळायचे की नाही हे प्रत्येक दुकान आपापल्या मनाला विचारून ठरवते.

कौतुक करण्यासाठी पैसे घेणाऱ्यांचा प्रश्न याच्याच शेजारी बसतो. रोज लिहून किंवा चित्रफिती करून हजारो लोकांचा विश्वास कमावलेला माणूस एखाद्या साबणाची, शेअरच्या अॅपची, बाळाच्या खाण्याची शिफारस करतो. त्याला त्याबद्दल काय मिळाले, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विक्रेत्याशी असलेला असा संबंध उघड करणे भारतात बंधनकारक आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उघड करायचे म्हणजे शेवटी बारीक अक्षरात, दहा इतर खुणांच्या गर्दीत नव्हे. ज्याला खरेच सांगायचे असते तो पहिल्या वाक्यात सांगतो. पैसे घेऊन शिफारस करण्यात पाप नाही. गायक, कारागीर, लेखक मेहनताना घेतात तसा हाही घेतो. पण वाचणाऱ्याने त्याच्या शब्दावर जो विश्वास टाकलेला असतो तो मैत्रीच्या नात्याने टाकलेला असतो, आणि त्या नात्याचा भाव वाचणाऱ्याला न विचारता ठरवला जातो.

इथवर गप्प राहण्याबद्दल झाले. रोड्सच्या व्यापाऱ्याचे मौन निदान साधे होते: तोंड मिटले की काम झाले. आताचे मौन बांधून काढावे लागते. त्यासाठी माणसे कामाला ठेवली जातात, कोणते बटण ठळक आणि कोणते फिकट ठेवायचे यावर बैठका होतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे अकरा हजार खरेदीच्या संकेतस्थळांची छाननी केली, तेव्हा अशा १,८१८ क्लृप्त्या त्यांच्या हाती लागल्या. त्यांत उलटे मोजणारी अशी घड्याळे होती जी शून्यावर पोहोचली तरी सवलत तशीच चालू राहायची. अमुक शहरातल्या कोणी आत्ताच ही वस्तू घेतली, असे सांगणाऱ्या सूचना काही ठिकाणी यंत्राने मनाला येईल तशा जुळवलेल्या होत्या. पिथियसला निदान कोळ्यांशी बोलावे लागले होते.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू किंवा विमा टोपलीत सरकवणे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, हे सगळे त्यात येते. या शेवटच्या प्रकाराचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. अॅमेझॉनच्या प्राइम वर्गणीतून बाहेर पडण्यासाठी चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत होते, असे व्यापार आयोगाने जून २०२३ च्या दाव्यात म्हटले. कंपनीच्या आत या वाटेला इलियड हे नाव होते, ट्रॉयच्या लांबलचक युद्धाच्या महाकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. गिऱ्हाइकाच्या बाहेर पडण्याला आत बसलेल्या कोणीतरी महायुद्धाचे नाव देतो, तेव्हा त्याला वाटेवरचे काटे दिसत नव्हते असे म्हणता येत नाही. नैतिक दोषाचा सगळा भार त्या जाणतेपणावर आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा येते. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडून गेली. आपल्याएवढा धर्म कोणी जाणला नाही, असे त्याला वाटू लागले. तेव्हा त्याला वाणी ऐकू आली की वाराणसीतल्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली शोधत गेला, तर तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. सुगंधी द्रव्ये, रस, औषधी विकणारा, मद्य न विकणारा हा वाणी तपस्व्याला धर्म सांगतो. त्याच्या शिकवणीतली मुख्य गोष्ट म्हणजे त्याचा तराजू सगळ्या प्राण्यांसाठी सारखा आहे. महाभारतकाराने धर्माचा सूक्ष्म विचार सांगायला राजा, ऋषी सोडून दुकानदार निवडला, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी परकी वाटायला नको. गोरोबा मडकी करत होते, सावतोबा मळा शिंपत होते, तुकोबांच्या घरी महाजनकी होती.

हा सारखा तराजू आज खरोखरच अडचणीत आहे. दुकानात भाव पाटीवर असतो, तो सगळ्यांना दिसतो. पडद्यावरचा भाव प्रत्येकाला एकट्याला दिसतो. एकाच प्रवासाचे भाडे आयफोनवर वेगळे आणि अँड्रॉइडवर वेगळे दिसते, अशा तक्रारी आल्यावर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबर यांना नोटिसा दिल्या. दोन्ही कंपन्यांनी फोन पाहून भाव ठरवत असल्याचा इन्कार केला. या प्रकरणातले खरे-खोटे चौकशीने ठरेल. प्रश्न त्याहून मोठा आहे. गिऱ्हाईक किती वाजता जागे असते, पगार कधी होतो, बॅटरी किती उरली आहे, हे जाणण्याची सोय विकणाऱ्याच्या हाती आली आहे. पूर्वी घासाघीस करणाऱ्या दुकानदारालाही समोरच्याची गरज ओळखता येत असे, पण गिऱ्हाइकालाही दुकानदाराची ओळखता येत असे. संध्याकाळी उरलेली भाजी स्वस्त मिळते हे त्याला ठाऊक होते. आता ओळखणे एकतर्फी झाले आहे. ज्याला घाई आहे, ज्याचे माणूस रुग्णालयात आहे, त्याच्याच भावात भर पडणार असेल तर अशा दुकानात लहान मूल पाठवता येणार नाही.

सांगण्याच्या कर्तव्याचा दुसरा टप्पा विक्री झाल्यानंतर येतो. त्याला ग्राहकसेवा म्हणतात, आणि बहुतेक कंपन्या तिच्याकडे खर्चाची बाब म्हणून पाहतात. नैतिक दृष्टीने तो विक्रीचाच उरलेला अर्धा भाग आहे. विकताना जे सांगायचे राहिले, जे चुकले, त्याला उत्तर देणारा कोणीतरी तिथे असला पाहिजे. कॅनडातला एक खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. आजी वारल्यामुळे घाईने प्रवास करणाऱ्या एका माणसाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या संवादयंत्राला शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारले. आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांच्या आत अर्ज करा, असे उत्तर मिळाले. ते चुकीचे होते. सवलत नाकारली गेली आणि प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तिथे कंपनीने असा बचाव मांडला की ते संवादयंत्र ही जणू वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या वागण्याला ती स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले. संकेतस्थळावरची सगळी माहिती कंपनीचीच, मग ती पानावर असो की यंत्राच्या तोंडी. भरपाई सगळे मिळून आठशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास होती. रक्कम लहान, पण बचाव मात्र नीट पाहण्यासारखा: गल्ल्यावर बसवलेल्याने पैसे घेतले तर ते मालकाचे, शब्द दिला तर तो गल्ल्यावरच्याचा.

यंत्राने उत्तर देण्यात काही वाईट नाही. मध्यरात्री पार्सल कुठवर आले हे सांगायला माणूस जागा ठेवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. हरकत आहे ती यंत्रामागे माणूस नसण्याला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क ठळक द्यायला सांगितले आहे. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे, असेही त्यात आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. तरीही कित्येक ठिकाणी ‘आमच्याशी संपर्क साधा’ या दुव्यावरून निघालेला माणूस फिरून ‘नेहमीचे प्रश्न’ या पानावर येतो. आपले तेच आठ प्रश्न तिथे लिहिलेले असतात आणि त्याचा प्रश्न त्यांत नसतो. सदाशिव पेठेतला जुना दुकानदार तुटक बोलत असेल, दुपारी दुकान बंद ठेवत असेल, पण चार वाजता तो स्वतः गल्ल्यावर असे आणि सकाळी घेतलेल्या वस्तूबद्दल त्याला तोंडावर विचारता येत असे. गोड बोलणे ही सेवा खरी, पण सापडणे ही त्याआधीची सेवा आहे.

हापूसमध्ये एक दोष असतो, त्याला साका म्हणतात. बाहेरून फळ निर्दोष दिसते, वास छान येतो, आणि सुरी फिरवली की कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस निघतो. बागायतदारालाही तो आधी कळत नाही. म्हणजे इथे लपवणारा कोणी नाही आणि मौनही नाही. सिसेरोच्या दोन्ही पंडितांच्या युक्तिवादांत हे फळ बसत नाही. तरीही ऑनलाइन आंबा विकणारे काही बागायतदार कापलेल्या फळाचा फोटो मागवतात आणि तेवढी फळे पुढच्या पेटीत जास्त घालतात किंवा पैसे परत करतात. कशासाठी? त्यांनी फसवलेले नाही. पण गिऱ्हाइकाने आंब्याचे पैसे दिले आणि आंबा मिळाला नाही, एवढे त्यांना पुरते. दोष कोणाचा हे न विचारता तोटा आपल्याकडे घेणे ही कायद्याच्या पायरीच्या बरीच वरची जागा आहे.

तुकोबांची कथा इथे आठवते. १६३० च्या सुमारास दख्खनला मोठा दुष्काळ पडला. वाडवडिलांपासून चालत आलेली कर्जखते घरात होती, पण कुळे पार खचली होती. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रात तुकोबा ती खते इंद्रायणीत बुडवायला निघतात. धाकटा भाऊ कान्होबा याला ते मान्य नसते. तेव्हा तुकोबा खतांच्या दोन वाटण्या करतात. कान्होबाची त्याला देतात आणि आपल्या वाटणीची तेवढी डोहात सोडतात. या कथेतला भक्तीचा भाग सगळे सांगतात. व्यवहाराचा भागही तितकाच बारकाईचा आहे: माफ करायचे ते स्वतःच्या हक्काचे, दुसऱ्याच्या हक्काचे नव्हे. मोठ्या संकेतस्थळांनी हे ध्यानात घ्यायला हवे. गिऱ्हाइकाला प्रश्न न विचारता परतावा देण्याचे औदार्य ती जाहिरातीत मिरवतात, आणि त्याचा खर्च पुष्कळदा ज्याने माल दिला त्या लहान विक्रेत्याच्या बिलातून कापला जातो. कान्होबाची खते बुडवून मिळवलेले हे पुण्य आहे.

गिऱ्हाईक देव आहे, असे सांगणारी पाटी बँकांतून, दुकानांतून लावलेली असते. खाली कित्येकदा गांधीजींचे नाव घातलेले असते, पण त्यांच्या समग्र वाङ्मयात ते वचन अभ्यासकांना सापडलेले नाही. देव मानण्यात एक धोका आहे. देवाला कर्तव्य नसते, गिऱ्हाइकाला असते. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा गिऱ्हाइकाने नुसते हक्क मागायचे एवढाच तिचा अर्थ नव्हता. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याचा माल एकत्र मागवायचा, तो एकाच्या घरी उतरवून सगळ्यांनी मिळून वाटायचा. ज्याने स्वतः डाळीच्या पिशव्या मोजून लावल्या आहेत त्याला माल पोहोचवण्यामागचे कष्ट सांगावे लागत नाहीत.

ऑनलाइन गिऱ्हाइकाला ते कष्ट दिसत नाहीत, हा डोळे बांधले गेल्याचा दुसरा परिणाम. लग्नाला एकदा नेसलेली साडी खूणचिठ्ठी सांभाळून परत पाठवली जाते. माल पोहोचवायला आलेल्या, पावसात चुकलेल्या पत्त्यावरून मागे फिरलेल्या पोराला एक चांदणी दिली जाते आणि त्या एका चांदणीमुळे त्याचे पुढच्या आठवड्याचे काम घटू शकते, हे देणाऱ्याला ठाऊक नसते किंवा ठाऊक करून घ्यायचे नसते. घरी चकल्या, भाजणी, मसाले करून विकणाऱ्या बाईला रात्री साडेअकराला निरोप जातो आणि दहा मिनिटांत उत्तर आले नाही तर ‘सेवा वाईट’ असे लिहून टाकले जाते. चकली भाजणीची की तांदळाची, तेल कोणते, कधी तळली, हे सांगणे त्या बाईचे काम. तिने झोपावे हे मान्य करणे गिऱ्हाइकाचे.

आंब्याच्या बागायतदाराकडे आलेला कापलेल्या फळाचा फोटो त्याच्याच पेटीतल्या फळाचा आहे की नाही, हे त्याला तपासता येत नाही. इथे दिसत नसते ते त्यालाच, आणि माहिती सगळी गिऱ्हाइकाजवळ. तो विश्वास ठेवून चार फळे जास्त पाठवतो. तोच फोटो दोन बागायतदारांना धाडणारेही असतात. असे तीन-चार वेळा झाले की पुढच्या हंगामात तो फोटो मागवणे बंद करतो आणि भावाच्या यादीखाली एक ओळ वाढवतो: साका निघाल्यास तक्रार घेतली जाणार नाही.